शेजार

क्लारिसने बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली. माशांच्या दोन दिवसांच्या चाळीस भ्रूणांपैकी एकतिसांच्या गळ्याखाली थायरॉइड ग्रंथीचा चमकता हिरवा ठिपकाच नव्हता. बाकीच्यांत होता, पण टाचणीच्या टोकाएवढा.

काहींना जन्मतः थायरॉइड का नसते, याचं कारण तीन वर्षं ती ग्रंथीतच शोधत होती. या वेळी तिने ग्रंथीला हातही लावला नव्हता. शेजारचं हृदय ज्या संकेताने घडतं, तेवढा संकेत काही तास अडवला होता.

टाक्या पुसत असलेली फर्नांद जवळ आली. ब्रसेल्सच्या या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं मासे सांभाळलेली बाई.

"काय गं, चेहरा का असा?"

"ग्रंथीचं काही चुकलेलंच नाही, फर्नांद. शेजाऱ्याने हाकच मारली नाही तिला."

फर्नांदने भिंगाला डोळा लावला. एकेक भ्रूण पाहिलं.

"आमच्या यानच्या हृदयालाही भोक होतं," ती म्हणाली.

यान तिचा मुलगा. जन्मतःच त्याला थायरॉइड नव्हती. आज तिशी उलटली तरी रोज सकाळी गोळी घेतो, हे क्लारिसला ठाऊक होतं. भोकाचं मात्र ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"हे मासे आहेत," ती जपून म्हणाली. "यानचं काय झालं, ते मी नाही सांगू शकत."

"ते कळतं मला. माणसात हे कधी होतं, तेवढं सांग."

"गर्भ राहिल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतं."

फर्नांदने हातमोजे काढले, एकात एक घातले.

"तेव्हा मला दिवस गेल्याचंही माहीत नव्हतं. सायकलवरून बेकरीत कामाला जात होते. सासूबाई म्हणायच्या, पोटुशी असून मासे खाल्ले नाहीस, आयोडीन मिळालं नाही, म्हणून असं झालं. वासानेच उलटी व्हायची गं मला. पण ते सगळं दुसऱ्या महिन्यात, हे होऊन गेल्यावर."

 क्लारिसने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"तू हे छापशील ते इंग्रजीत," फर्नांद म्हणाली. "मला चार ओळी फ्रेंचमध्ये लिहून दे. सोप्या. जेवढं खरं आहे, तेवढंच."

"यानसाठी?"

"तो कुठे मला कारण विचारतो! सासूबाईंसाठी. ब्याण्णवच्या आहेत, पण चष्मा लावून सगळं वाचतात."

क्लारिसने कोरा कागद पुढे ओढला.

"नाव काय त्यांचं?"