शेवंतीला भेटायला

ड्रोन उडाला तसं अख्खं हळर्ण गाव मान वर करून बघायला लागलं.

फवारणीचं प्रात्यक्षिक होतं. डिचोलीच्या एका कंपनीत काम करणारा साईश ते यंत्र गाडीत घालून घेऊन आला होता. भाताच्या शेतावरून दोन फेऱ्या मारून दाखवल्यावर त्याने हातातला रिमोट पुढे धरला आणि विचारलं, "कोणाक उडोवन बघूचा असा?" पोरं एकमेकांना ढकलायला लागली. तेवढ्यात बांधावर मागे उभा असलेला सगुण पुढे झाला.

"दी बघूया," तो म्हणाला.

नदीकडून वारा होता. ड्रोन वर चढला, वाऱ्याला जरासा कलला, सावरला, माडांना वळसा घालून शेताच्या कडेने सरळ रेघेत गेला आणि निघाला होता तिथेच मांजरासारखा अलगद उतरला. बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"खंय शिकलास काका?" साईशने विचारलं.

"फौजेत."

"मगे माज्याबरोबर येवा. पेडण्यात, डिचोलीत, खंयय काम असा. उडवणारो माणूस गावत नाय."

"येतंय," सगुण म्हणाला. रिमोट परत दिला आणि काहीतरी चिकटलं असावं तसे हात लुंगीला पुसले.

शेजारणीने विनोदिनीला कोपराने ढोसलं. "नशीब काढलंस गो. पेन्शन ती पेन्शन, वर ह्या काम." विनोदिनी हसली. पण तिचं लक्ष ड्रोनकडे नव्हतंच. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. गाव तोंडात बोट घालून उभं होतं आणि त्याचा चेहरा मात्र भात कालवताना माणसाचा असतो तसा होता.

सगुण फौजेतून कायमचा घरी येऊन चार महिने होत आले होते.

गोव्याच्या या पेडणे तालुक्यातून फौजेत जाणारे तसे थोडेच. कोणी मुरगावच्या बंदरात चिकटतो, कोणी बोटीवर जातो, आता मोपाचा विमानतळ झालाय. सगुण बारावी झाल्यावर मित्राला सोबत म्हणून बेळगावला भरतीला गेला, मित्र धावण्यात मागे पडला आणि हा निवडला गेला. गावाला वाटलं, आता हा रणगाड्यावर बसणार. त्याच्या वाट्याला आली खेचरं. उत्तरेच्या पहाडात जिथे रस्ता संपतो आणि ट्रक थांबतात, तिथून पुढे बर्फातल्या ठाण्यांपर्यंत रेशन, रॉकेल आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून न्यायचा, ही त्याची नोकरी. बंदुकीपेक्षा त्याच्या हातात लगामच जास्त वेळ असायचा.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याचा फोन आला होता. शेजारच्या गोकुळदासमामांच्या घरी तेव्हा फोन होता आणि ऐकायला सासूही कान लावून बसली होती. सगुण म्हणाला, "शेवंतीक बरा नाय. दोन दिवस मी तिच्याकडेच आसंय. माझ्या हातानच खाता ती." आणि लाइन तुटली. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. सासू देवापुढे बसून राहिली आणि विनोदिनी परसात. दुसऱ्या दिवशी परत फोन आला तेव्हा कळलं की शेवंती हे खेचराचं नाव. फौजेत तिला खुरावर डागलेला नंबर होता, नाव सगुणने ठेवलं होतं.

वाडी वर्षभर हसली. "सवत कशी असा गो?" असं बायका तिला नळावर विचारायच्या. विनोदिनीही हसायची. पण सुट्टीवर आलेला नवरा चौथ्या दिवसापासून अस्वस्थ व्हायचा, "तिका दुसऱ्याचो हात चलना नाय" असं पुटपुटायचा, तेव्हा तिला हसू यायचं नाही. गौरवीच्या, त्यांच्या मुलीच्या, बारशाला तो पोचू शकला नाही. तेव्हा शेवंतीचा पाय मुरगळला होता. विनोदिनी त्याला विचारायची, "थंय वर कसा आसता ओ?" तो म्हणायचा, "थंड आसता." एवढंच.

मग काही वर्षांपूर्वी फौजेत नवी साधनं यायला लागली. बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाड्या आल्या, ओझं उचलून थेट ठाण्यावर नेणारे ड्रोन आले. कोण शिकणार, असं साहेबांनी विचारलं. सगुणचं नाव पुढे आलं, कारण वरच्या खिंडीतला वारा कुठल्या वेळी कुठून येतो हे त्याला शेवंतीच्या कानांवरून पाठ झालं होतं. त्या वर्षी सुट्टीवर आला तो मोबाइलवर सरावाचा खेळ घेऊनच. सोप्यावर बसून दोन्ही अंगठे फिरवत राहायचा. अकरावीतली गौरवी शेजारी बसून शिकवायची, "बाबा, डावो आंगठो बारीक हालय." तो लहान मुलासारखा खूश होता.

"आता पोरांका त्या बर्फात चलूक नको," तो विनोदिनीला म्हणाला होता. "माणूस वाचता, जनावर वाचता. ह्या आधीच येवक व्हया होता." त्याच्या पलटणीतला एक पोरगा खेचरासकट दरीत गेला होता. त्याबद्दल तो घरी एकदाच बोलला होता.

आणि आता तो घरी होता, कायमचा. विनोदिनीने या दिवसाची इतकी वाट पाहिली होती की वाट पाहणं हीच तिची सवय झाली होती. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की तो जाऊन पाव आणायचा, विहिरीचा पंप दुरुस्त करायचा, साईशबरोबर फवारणीला जायचा आणि मुकाट्याने जेवायचा. कोणाशी वाकडं बोलायचा नाही. पण त्याच्याशी बोलताना तिला वाटायचं, मागच्या खोलीत कोणी आहे की काय ते बघत बोलतोय हा.

एक दिवस दुपारी गोकुळदासमामा कुंपणापाशी आले. वय झालं तरी त्यांनी एक बैल ठेवला होता. म्हणाले, "विनोदिनी, राग मानू नको हां. तुजो घोव रोज दुपारी माज्या बैलाक खरारो करता. बैलाक बरा वाटता, माकाय बरा वाटता. पण तेका काय जाता गो?"

विनोदिनी गोठ्यात गेली. सगुण नारळाच्या सोडणाने बैलाची पाठ घासत होता. केसांच्या वळणाने, सावकाश. मग वाकून त्याने बैलाचा पुढचा पाय उचलला, खूर तळहातावर घेतला आणि तसाच राहिला.

"घराक चला," ती म्हणाली.

घरी येऊन तिने मासळीची टोपली पुढ्यात ओढली. बांगडे साफ करता करता बोलली, मान वर न करता. "माका वाटला तुमी घराक इलास. तुमी इलासच नाय."

तो दारात उभा होता.

"मी तिका बघूकच नाय," तो म्हणाला.

"कोणाक?"

"शेवंतीक. मी खाली मोठ्या ड्रोनच्या कोर्साक होतंय. मागसून हुकूम इलो, खेचरां खाली न्हेली. परत गेलंय तर तबेलो रिकामो. तिच्या जाग्यार कोणी झाडून ठेयला होता. माज्या ड्रोनान काम बरा केला, म्हणान तर तिका न्हेली. माका वायट वाटूक नको. मीच म्हणी होतंय, जनावर वाचता. पण सांगान तरी जावचा होता गो तिका."

विनोदिनीने हात धुतले. इतक्या वर्षांत एवढं लांब तो कधी बोलला नव्हता. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिला आठवलं, सुट्टी संपवून तो निघायचा तेव्हा म्हापशाच्या बसस्टँडवर ती दर वेळी सोडायला जायची. बस वळेपर्यंत उभी राहायची. एकदा ताप होता म्हणून गेली नाही, तर पुढची सुट्टी येईपर्यंत काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटत होतं.

रविवारी जयवंतचा फोन आला. जयवंत गडहिंग्लजकडचा, सगुणचा जुना साथीदार, अजून नोकरीत होता. सगुण अंघोळीला गेला होता. फोन तिनेच घेतला.

"भाऊजी, ती शेवंती खंय असा?"

"हाय की वहिनी. हितंच हाय, माझ्या डेपोतच. म्हातारी जनावरं हितं आणून सोडल्यात. ओझं न्हाई, काम न्हाई, नुसतं चरायचं. दादास्नी मी मुद्दाम बोललो न्हाई. म्हटलं, उगं जिवाला घोर."

"बघूक येवक मेळतला?"

"साहेबास्नी इचारतो."

साहेबांनी हो म्हटलं. अडून बसला तो सगुणच.

"कित्याक? जनावर ता. विसारला आसतला."

"विसारला तर विसारला."

"आणि वळाखल्यान तर?" तो म्हणाला. "परत सोडून येवचा पडतला मा."

"तेव्हा मी आसतलंय," विनोदिनी म्हणाली.

गौरवीला मावशीकडे ठेवून दोघं थिवी स्टेशनवरून गाडीत बसली. लग्नानंतर ती दोघं मिळून एवढ्या लांब पहिल्यांदाच जात होती. पहिला दिवस सगुण खिडकीबाहेर बघत गप्प होता. दुसऱ्या दिवशी गहू दिसायला लागला, हवा कोरडी झाली, तसा तो बोलायला लागला. शेवंती पूल ओलांडण्याआधी पाय आपटून बघायची. बर्फ पडायच्या आदल्या दिवशी दाणा टाकून द्यायची. दाट धुक्यात तो वाट चुकला तेव्हा तिने त्याला खेचत ठाण्यावर आणलं होतं. विनोदिनी ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "आणि तुमका भूक लागली काय कोण बघी?" "सांजचे पराठे जयवंत करी," तो म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

डेपो म्हणजे पहाडाच्या पायथ्याचं मोठं सपाट मैदान होतं. चहूकडून कुंपण, लांबवर निळसर डोंगर. जयवंत फाटकावरच उभा होता. सगुणला त्याने सॅल्यूट ठोकला आणि मग मिठी मारली. विनोदिनीच्या हातातल्या पिशव्या तो घ्यायला लागला, पण तिने दिल्या नाहीत.

मैदानात पुष्कळ खेचरं चरत होती, सगळी सारखीच. विनोदिनीला वाटलं, आता हा कसा ओळखणार. पण सगुण आधीच थांबला होता. एका तपकिरी खेचराकडे बघत होता. डोळ्यांभोवतीचे केस पांढरे झालेले, पाठ थोडी खाली बसलेली.

त्याने हाक मारली नाही. टाळूला जीभ लावून हलकासा टक आवाज केला.

आधी एक कान वळला. मग मान वळली. मग शेवंती निघाली. धावली वगैरे नाही, सावकाश, एकेक पाऊल बघून टाकत आली. सगुणच्या शर्टाला नाक लावलं, काखेत लावलं. मग विनोदिनीकडे वळून तिच्या पदराचा वास घेतला. विनोदिनीने पिशवीतून माडाच्या गुळाचा खडा काढून हातावर धरला. शेवंतीच्या ओठांचा ऊबदार ओला स्पर्श झाला आणि तिच्या अंगावर काटा आला.

गूळ खाऊन झाल्यावर शेवंती वळली, सगुणकडे कूस केली, चारही पाय घट्ट रोवले आणि उभी राहिली. हलेना.

"अशी कित्याक उबी ऱ्हवली?" विनोदिनीने विचारलं.

सगुणने तोंड फिरवलं. उत्तर जयवंतने दिलं, हळू आवाजात. "ओझं चढवायची वाट बघतिया, वहिनी. नवीन आल्यावर समदीच असं करत्यात. मग सोडत्यात. ही काय सोडंना. रोज सकाळी फाटकापाशी यिऊन अशीच थांबतिया."

सगुण तिच्या मानेवर हात फिरवत होता. "नाय गो बाये," तो सांगत होता. "आता नाय. झाला तुजा. सुटलंस तू." शेवंती कान मागे करून ऐकत होती, पण पाय उचलत नव्हती.

विनोदिनीने आपल्या दोन पिशव्यांकडे पाहिलं. एकीत दोघांचे कपडे होते, दुसरीत खाऊ आणि पाण्याची बाटली. तिने सगुणच्या खांद्यावरचा पंचा काढला आणि दोन्ही पिशव्यांचे बंद त्याला बांधायला घेतले.

"काय करतंस?" सगुणने विचारलं.

"बांदून देवा. माका जमना नाय."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग पुढे झाला. "दोनी वटेन वजन सारख्या व्हया," म्हणाला. पाण्याची बाटली या पिशवीतून त्या पिशवीत घातली, गाठ सोडून परत मारली आणि दोघांनी मिळून ते ओझं शेवंतीच्या पाठीवर ठेवलं. नियमात बसत नव्हतं. जयवंत कुंपणाची तार तपासायला लागला.

शेवंतीने नाकातून मोठा श्वास सोडला आणि चालायला लागली.

सगुण तिच्या मानेपाशी चालत होता. मैदान परातीसारखं सपाट होतं, तरी तो चढावर असल्यासारखा पुढे वाकून, गुडघे जपत पावलं टाकत होता. थोडं अंतर गेल्यावर तो थांबे, तीही थांबे. दोघांचा दम जागेवर आला की पुन्हा निघत. एका ठिकाणी सगुणने हात आडवा धरला आणि आधी स्वतः पुढे होऊन जमीन पायाने चाचपली. तिथे नुसतं गवत होतं. मग त्याने तिला पुढे घेतलं. तो तिच्याशी काहीतरी बोलत होता. एवढ्या लांबून शब्द कळत नव्हते, पण पेडण्याचा हेल कळत होता.

विनोदिनी कुंपणाला धरून उभी होती. थंड आसता, एवढंच त्याने इतकी वर्षं सांगितलं होतं.

"वहिनी, सावलीत बसा की," जयवंत म्हणाला.

ती बसली नाही. दोघं आता मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, डोंगरांच्या बाजूला पोचली होती. तिथून परत वळायचं होतं. दोघं अजून वळली नव्हती.