कूलरवरची जागा

परीक्षितला बसायला खुर्ची नव्हती असं नाही. श्रीरामकाकांच्या टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या घरात दोन सोफे होते. पण तीन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला आला, तेव्हा गर्दीत कोक गार ठेवायच्या बर्फपेटीवर, म्हणजे कूलरवर, टेकला आणि काकांच्या लाडक्या कॉलेजची टीम जिंकली. झालं! तेव्हापासून दर शनिवारी त्याने कूलरवरच बसायचं, असं काकांनी ठरवून टाकलं. कुणाला कोक हवा असला की उठायचं, झाकण उघडायचं, परत बसायचं. आयटीतला शिकलासवरला माणूस, पण करतो काय?

काका म्हणजे सख्खे नव्हेत, त्याच्या कंपनीचे मालक. नागपूरहून आला तेव्हा ते स्वतः विमानतळावर घ्यायला गेले होते आणि महिनाभर त्याला घरी ठेवून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडून ‘काका’ निघालं, आणि तिथेच फसला बिचारा. बॉसकडे राजीनामा देता येतो, काकांकडे कसा द्यायचा?

आज मात्र द्यायचाच होता. त्याची बायको कादंबरी दोन वर्षं जर्सी सिटीत एकटी राहत होती. तिथल्याच एका कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती. आज पाचच्या आत फोनवर आलेल्या लिंकवर सही करायची, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. कादंबरी म्हणाली होती, आधी सही कर, मग सांग. याचं म्हणणं, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना आधी तोंडावर सांगायचं. आणि फोन? तो स्वयंपाकघरात, पोळ्यांच्या डब्यात. मॅच चालू असताना सगळ्यांचे फोन डब्यात, हा काकांचा नियम.

मॅच अडीचला सुरू झाली, पण बोलणं एकाच गोष्टीचं. टीमचा क्वार्टरबॅक, ज्याच्या हातून सगळा खेळ चालतो तो पोरगा, याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजला चाललो म्हणून जाहीर करून मोकळा झाला होता. कंपनीतल्या प्रसादच्या मते चूक कोचची. प्रॅक्टिसला उशिरा येणाऱ्या पोराला त्याने कधी खेळाबाहेर बाकावर बसवलं नाही, शिस्त लावायला म्हणूनसुद्धा नाही. उल्काकाकू म्हणाल्या, शाळेतून निवडतानाच नुसता हात बघता, स्वभाव कोण बघतो? काकांना यातलं काही पटेना. तीन वर्षं त्याला टीमने घडवला, आणि जरा नाव झाल्यावर निघाला. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

“ही हॅज अ राइट टू लीव्ह, बाबा,” त्यांची मुलगी अनिका म्हणाली.

“राइट सगळ्यांनाच असतो गं. परीक्षित, तू सांग. तू गेला असतास?”

सगळे त्याच्याकडे बघू लागले. आता बोल, तो स्वतःला म्हणाला. याहून सोपी वेळ येणार नव्हती.

“त्याचं घरचं काही असेल, काका,” एवढंच तो म्हणाला. स्वतःची त्याला किळस आली.

पाचला दहा मिनिटं होती तेव्हा मात्र तो उठला. “काका, मला जरा तुमच्याशी...”

नेमका तेव्हाच बदली क्वार्टरबॅक गोलरेषेपासून चार यार्डांवर आला. खोलीभर ओरडा झाला, बस, बस! काकांनी पडद्यावरची नजर न काढता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबलं. मायेनेच दाबलं. “आत्ता उठू नकोस, बाळा.”

तो बसला. पहिला प्रयत्न फसला, दुसरा फसला, मग कोचने टाइमआउट घेतला, मग जाहिराती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो गार कूलरवर बसून राहिला. पाच वाजून तीन मिनिटांनी बदली पोरगा रेषेपलीकडे घुसला, आणि सगळ्यांनी परीक्षितला मिठ्या मारल्या.

मॅच संपल्यावर काकांनी स्वतः डबा उघडून फोन वाटले. “बघा, असा माणूस लागतो टीमला,” त्याची पाठ थोपटत ते म्हणाले, “तुझं ग्रीन कार्डचं काम सीझन संपला की पहिलं.” मागच्या सीझनलाही ते हेच म्हणाले होते.

लिंक बंद झाली होती. खाली कादंबरीचे चार मेसेज होते, शेवटचा नुसता, ‘सांगितलंस?’

‘उठलो होतो,’ त्याने लिहिलं.

मग कुणीतरी कोक मागितला आणि तो पुन्हा उठला.