रोजा, तीस मीटर आणि सरांचा अंगठा

मित्रांनो, मी सांगणार आहे ते तुम्हांला पटणार नाही. माझ्या शेजारच्या शिटीबाईला तर नाहीच नाही. मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. अकरा वर्षं फुटबॉल संघाच्या सरांच्या गळ्यात लटकलो. आता या सामानाच्या पेटीत पडून तुम्हा कोऱ्या चेंडूंना गोष्टी सांगतो.

डाव्या पायाने खेळणारा आमचा डावरा तीस मीटर चार सेकंद एक दशांशात कापायचा. त्याच्याहून चपळ संघात कुणी नव्हतं. रमजान लागला, डावऱ्याने रोजे धरले आणि सरांच्या डोक्यात भुंगा शिरला, पाण्याच्या थेंबाशिवाय हा पळणार कसा?

भर उन्हात सर त्याला पळवायचे. त्याच्या सुकलेल्या ओठांकडे बघत राहायचे, तो रेषा ओलांडून पुढे जायचा, आणि मग यांना अंगठा आठवायचा. चार सेकंद चार! अहो, बटण दाबल्याशिवाय मी थांबणार कसा? पोटभर जेवून आलेल्या गोलकीपरच्या वेळी मात्र तोच अंगठा रेषेआधीच बटणावर पडायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच.

फिजिओताई सांगून थकल्या. रोज्यात शेवटी शेवटी दम लागतो, हे खरं. त्यात पहाटे सहरीच्या जेवणाला उठून झोप मोडते. त्याला दुपारी झोपू द्या, सराव इफ्तारनंतर ठेवा आणि मग मोजा. सरांनी मलाच त्यांच्या नाकापुढे धरलं.

"ताई, घड्याळ खोटं बोलत नाही."

संतापाने माझी काच तडकायची तेवढी बाकी होती. खोटं अंगठ्याचं, आणि साक्षीला मी!

अंतिम सामना संध्याकाळी होता. डावऱ्याला उतरवायचं की नाही, हे सकाळच्या चाचणीवर ठरणार होतं. तेव्हा मी काय केलं असेल? अंगठ्याची वाट न बघता आपला आपणच थांबलो. चार सेकंद एक! सरांनी त्याचं नाव संघात लिहिलं. डावरा मैदानात उतरला. त्याची जीभ टाळूला चिकटलेली आणि सूर्य काही मावळेना, म्हणून मी सूर्यालाही दोन मिनिटं पुढे ढकललं. त्याने खजूर तोंडात टाकला, घोटभर पाणी प्यायला आणि पुढच्याच चालीत गोल. म्हणून सांगतो मित्रांनो, घड्याळ जपाच, पण दुसऱ्याला मोजण्याआधी आपला अंगठाही तपासून...

"पुरे," शिटीबाई म्हणाली. "सूर्याचं एक वेळ मानते. पण मैदानात उतरलं कोण रे? डावरा शेवटपर्यंत बाकावर होता. तुझेच चार सेकंद चार दाखवून सरांनी त्याला बसवलं होतं."