टोरांटो ते मालेगाव

पहाटे, फजरच्या अजानीच्या सुमारास हाजराबी गेल्या, आणि नऊ वाजेपर्यंत त्यांच्या अंगणात बसलेला प्रत्येक पुरुष विमानविद्येत पारंगत झाला. टोरांटोहून मुलाचा, अजहरचा फोन आला होता. मी निघतोय, माझ्याशिवाय अम्मीला नेऊ नका. पाठोपाठ त्याने चांदमामूंच्या मोबाईलवर एक चित्र पाठवलं. जगाचा नकाशा, त्यावर कमानीसारखी रेघ, खाली आकडा: साडेचौदा तास.

चांदमामू म्हणजे हाजराबींचे भाऊ, घरातले वडीलधारे. एवढे तास तर बर्फावर निघतील, असं म्हणून त्यांनी वाशीमहून शीतपेटी मागवली.

लेक नाजिश दारात उभी होती. कनिष्ठ महाविद्यालयात ती भौतिकशास्त्र शिकवत असे आणि तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलत होती. हाजराबींनी तिच्याकडून एकच वचन घेतलं होतं: मले ठेवू नका, लवकर माती द्या.

तिने चित्र एकदा पाहिलं. अंतराला वेगाने भागलं होतं, बस्स. मधे विमान बदलणं नाही, नागपूरला उतरणं नाही, तिथून पुढचा रस्ता नाही. आणि रेघ टेकली होती नाशिककडच्या मालेगावात. आईचं वाशीमजवळचं मालेगाव सोडून यंत्राने दुसरंच दाखवलं तरी अजहरला शंकासुद्धा आली नव्हती.

अंगणातली विद्वत्ता मात्र वाढत होती. वारा मागून असला की विमान लवकर येतं, असं कुणी म्हणालं. चुलतभाऊ मुन्ना तर त्याहून पुढे गेला. "तिकडं आजून कालचीच रात हाय. म्हंजे त्याच्याजवळ नऊ-साडेनऊ तास फालतूचे हायेत. ते वजा करा." यावर कुणी हसलं नाही. मामूंनी मान डोलावली.

नाजिश ओसरीवर आली. "मामू, भाईजानले फोन लावा. अन् सगळ्यायले आयकू येऊ द्या."

फोन लागल्यावर तिने एवढंच विचारलं, की कोणत्या विमानाने निघालात. अजहरने आधी रजेचं सांगितलं, मग सणामुळे जागा भरल्याचं, मग दोहावरून यावं की दिल्लीवरून हे अजून पाहतो आहे असं.

"तिकीट काढलं का, भाईजान?"

"तुमी थांबता का नाही, ते पक्कं सांगा ना आधी," अजहर म्हणाला. "उगाच तिकीट काढून फायदा काय?"

मामू जमिनीकडे पाहू लागले.

"आठ वर्सांत तुमाले हे साडेचौदा तास एकडावही सापडले नाही," नाजिश म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखाच सपाट होता. "आज ते अम्मीच्या मातीतून काढू नका."

मामूंनी फोन बंद केला, पेटीवाल्याला नको म्हणून कळवायला सांगितलं आणि आतल्या बायकांना विचारलं, गुसलचं, शेवटच्या अंघोळीचं पाणी तापलं का.

दुपारी, जोहरच्या नमाजीनंतर जनाजा निघाला. नाजिश दारातून पाहत होती. गल्ली वळताना मुन्ना शेजारच्याला समजावत होता, की अजहर कालच निघाला असता तर नक्की पोचला असता. दिवसभरात त्याचं हे एकच गणित तिला बरोबर वाटलं.