साडेसातच्या आत

दुपारी तीनला लग्न लावायचं आणि त्याच संध्याकाळी साडेसातला, पाहुणे जेवत असताना, त्या लग्नाची कापून-सांधून गाणं चढवलेली फिल्म पडद्यावर दाखवायची, ही टूम ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मिंडा बालुयुत दर शनिवारी एकदा तरी शिव्या घालायची. पण फिलिपिन्सच्या पंपांगात आता या फिल्मशिवाय लग्न पुरं होत नाही. अख्खं भाजलेलं डुक्कर टेबलावर नसलं तर लोक नुसतं नाक मुरडतील, फिल्म नसली तर मुलीकडच्यांची आठ दिवस चर्चा करतील. हौसेला मोल नाही म्हणतात, पण ती हौस निस्तरणाऱ्याचे हाल कोणी विचारत नाही. बारा वर्षं मिंडाचा हाच उद्योग होता. नवरा रोहेल चर्चमध्ये कॅमेरा फिरवणार, आणि मिंडा हॉलच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी, आपला भला मोठा कॉम्प्युटर मांडून बसणार.

आजच्या लग्नात साडेसात म्हणजे साडेसातच होते. नवरीचे वडील इसिद्रो मालवाहू जहाजावर इंजिनियर. मुलीच्या बारशाला ते समुद्रात होते, शाळेचा निकाल लागला तेव्हा समुद्रात होते, आणि आज त्यांचं जहाज ब्राझीलच्या बंदरात उभं होतं. लग्न लागलं तेव्हा तिथे पहाटेचे चार, आणि ते तळाशी इंजिनरूममध्ये, जिथे फोनला रेंज नाही. इथल्या साडेसात ते आठ एवढा अर्धा तास त्यांना मिळणार होता. आठला पाळी सुरू, मग जहाज सुटणार, मग तीन आठवडे नुसतं पाणी.

नवरीची आई पुरिता महिन्यापूर्वीच मिंडाच्या घरी येऊन बसली होती. खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाली होती, "बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल हो. एका हाताला आई, दुसऱ्या हाताला वडील असं मुलीला वेदीपर्यंत न्यायचं असतं, आणि हे तर नसणार. जेरलिन चर्चमध्ये चालत येते, एवढं त्यांना दिसू दे." मिंडाने छातीठोकपणे सांगितलं होतं, दिसेल. आणि त्याच जोशात दोन वर्षांची पुंजी मोडून कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं होतं, विटेएवढं, तीन पंख्यांचं. ते चालू झालं की टेबल थरथरायचं आणि मिंडाला धीर यायचा.

चारला दहा मिनिटं कमी असताना चर्चमधून मोटरसायकलवरून मेमरी कार्ड आलं. मिंडाने ते लावलं, पहिली क्लिप उघडली, आणि चित्र अडकलं. जेरलिन चर्चच्या दारात उभी. तीन सेकंद काहीच नाही. मग एकदम चार पावलं पुढे. पुन्हा ठप्प. मग नुसतीच पुरिता, तोंड अर्धं उघडं. पुन्हा ठप्प.

सकाळचं नटण्या-थटण्याचं शूटिंग तर लोण्यासारखं चाललं होतं. ते त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यावरचं होतं. चर्चमधलं मात्र रोहेलने चुलतभावाच्या नव्या कॅमेऱ्यावर केलं होतं, खास या लग्नासाठी मागून आणलेल्या. पण तोही कॅमेरा गुरुवारी घरी तपासला होता. कुत्रं, अंगण, वाळत घातलेले कपडे, सगळं टिपून झालं होतं आणि कुत्रं व्यवस्थित पळालं होतं.

म्हणजे ड्रायव्हर, तिने ठरवून टाकलं. ग्राफिक्स कार्ड आणि मशीन यांचं एकमेकांशी जमवून देणारं ते सॉफ्टवेअर तिने शुक्रवारीच नवं घातलं होतं. नवं ते बिघडलेलं असणार. तिने ते मुळापासून उपटलं, मशीन बंद केलं, सुरू केलं, जुनं घातलं, पुन्हा बंद, पुन्हा सुरू. पडदा काळा व्हायचा, उजळायचा, पुन्हा काळा. तिचा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता. शेजारचा आवाजवाला म्हणाला, "बाई, तुमच्या पायाने माझा स्पीकर हलतोय." पाऊण तास गेला. क्लिप उघडली. जेरलिन दारात उभी आणि ठप्प.

तेवढ्यात लग्नाची व्यवस्था पाहणारी चारी आली, कानात यंत्र आणि छातीशी कागद घेऊन. "मिंडाताई, साडेसात म्हणजे साडेसात हां. मी सात पंचविसला पडदा खाली सोडते."

"सोड."

"झालंय ना पण?"

"तू पडद्याचं बघ गं."

पाचला रोहेल चर्चमधून आला, घामाने निथळत आणि स्वतःवर खूश. "काय चित्र आलंय मिंडा. झग्यावरची एकेक टिकली मोजून घे."

"चित्र आलंय, पण जागचं हलत नाहीये. गुरुवारी हलत होतं, आज का नाही? काय केलंस त्या कॅमेऱ्याला?"

"काही नाही केलं." मग त्याने मान खाजवली. "घरी आपलं साधं सेटिंग होतं. आज लग्न म्हटल्यावर सगळ्यात भारीवालं लावलं. चांगलं यावं म्हणूनच ना."

मिंडाने तोंडावर आलेली शिवी गिळली. बोलली असती तर शेजारच्या आवाजवाल्याच्या माइकवरून ते चर्चपर्यंत गेलं असतं. तिने मशीन जोडून देणाऱ्या बोयेतला फोन लावला. सान फर्नांदोला त्याचं एवढंसं दुकान, आणि तोंड मात्र मंत्र्याचं.

"मिंडाताई, तुम्ही इतका वेळ कार्डाशी भांडत होतात?" सगळं ऐकून बोयेत म्हणाला. "ड्रायव्हरचा बिचाऱ्याचा काय दोष? हे भारीवालं सेटिंग तुमच्या कार्डाला वाचताच येत नाही."

"एवढं महागाचं कार्ड, आणि वाचता येत नाही?"

"नाही येत. प्रोसेसरच्या पोटात एक फुकटातला ग्राफिक्स असतो ना, बारकासा, त्याला येतं. सर्रकन पळवेल तो."

"मग पळवत का नाही?"

फोनवर बोयेत जरा घुटमळला. "तो मीच बंद करून ठेवलाय. म्हटलं एवढं मोठं कार्ड असताना त्याला कोण विचारतंय."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत झाली होती. पाऊण तास ज्याच्या उरावर बसली तो निर्दोष, आणि गुन्हेगार दुकानात बसून तिला ताई म्हणत होता. मिंडाला रडावंसं वाटलं आणि बोयेतचं मुंडकंही पिरगळावंसं वाटलं, पण दोन्हीला वेळ नव्हता. त्याने सांगितलं तसं तिने मशीन सुरू होताना बटण दाबून आतलं सेटिंगचं पान उघडलं, बंद ठेवलेली ओळ शोधली, चालू केली. आता त्या बारक्याचा स्वतःचा ड्रायव्हर हवा होता. तो मशीनमध्ये नव्हताच. इंटरनेटवरून उतरवायचा, आणि आकार भलामोठा.

साडेपाच वाजले होते. हॉलच्या वायफायवर एव्हाना दोनशे पाहुणे बसले होते आणि जो तो टेबलावरच्या फुलांसकट आपलं तोंड जगाला दाखवत होता. ड्रायव्हरची रेघ सुरू झाली. एक टक्का. मिंडा उठली, बसली. दोन टक्के. रोहेलने त्याच्या फोनचं नेट लावून पाहिलं, ते त्याहून मंद. चित्रांच्या हलक्या प्रती करून त्यावर काम करावं म्हणून तिने जुना उपायही करून पाहिला. मशीन म्हणालं, दोन तास दहा मिनिटं.

हॉलमध्ये चांगलं इंटरनेट होतं, पण ते एकाच जागी. पुढच्या टेबलावर टॅबलेट उभा करून ठेवला होता आणि त्याच्याशेजारी साबणाच्या वडीएवढा राउटर. जेरलिनच्या भावाने तो वडिलांच्या कॉलसाठी आणला होता, मोजकाच डेटा भरून. मिंडा दोनदा त्या टेबलापर्यंत गेली. तो घेतला तर ड्रायव्हर दहा मिनिटांत उतरला असता. आणि ड्रायव्हरने डेटा खाऊन टाकला, तर फिल्म असेल आणि बघणारा नसेल. दुसऱ्यांदा गेली तेव्हा पुरिता तिथेच उभी होती, टॅबलेटची काच रुमालाने पुसत. तिच्या अंगावर निळा रेशमी पोशाख होता.

"जमतंय ना हो?" पुरिताने विचारलं.

"जमवतेय," मिंडा म्हणाली आणि परत फिरली.

साडेसहाला एकेचाळीस टक्के. सात वाजता बासष्ट. वाढप्याने आणून ठेवलेल्या नूडल्स थंड होऊन एकमेकींना चिकटल्या. मिंडाने घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर मिनिटाला बघितलं. एकदा तिने हताश होऊन अडकती क्लिपच पुन्हा लावली, तशीच दाखवता येईल का म्हणून. जेरलिन, ठप्प. तिच्या उजवीकडे पुरिताचा खांदा, ठप्प. जेरलिनचा डावा हात अर्धवट वर, झगा सावरत असावी, ठप्प. हे असलं त्या माणसाला दाखवायचं. त्यापेक्षा न दाखवलेलं बरं, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःचीच चीड आली.

सात पंचविसला पडदा खरोखरच खाली आला. ड्रायव्हरची रेघ शहाण्णववर होती. ती भरेल, मग मशीन बंद करून सुरू करायचं, मग कापायचं, जोडायचं, फिल्म बाहेर काढायची. आठच्या आत शक्य नव्हतं, हे बारा वर्षांच्या अनुभवाला सांगावं लागत नाही.

"रोहेल," ती म्हणाली. "तो कॅमेरा स्वतः टिपलेलं स्वतः दाखवतो ना?"

"दाखवतो की. त्याचंच आहे ते."

"सरळ मोठ्या पडद्यावर?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. साडेतीन तास त्या दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं, कारण न कापलेली फिल्म कोणाला दाखवायची असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. रोहेलने मेमरी कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं आणि पिशवीतून लहान वायर काढली. मिंडाने प्रोजेक्टरची वायर आपल्या मशीनमधून उपटून त्याच्या हातात दिली.

चारी धावत आली. "गाणं? गाणं कुठंय? नावं येणार होती ना आधी?"

"गाणं नाही, नावं नाही. दिवे घालव."

"असं उघडंनागडं दाखवायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना नाही दाखवायचं," मिंडा म्हणाली. "दिवे घालव, चारी."

टॅबलेटवर इसिद्रो आला होता. नारिंगी डगला, कानांवरून वर सरकवलेले आवाजरोधक, मागे लोखंडी भिंत. लेकीने आणि जावयाने हात हलवले, तोही हलवत होता. पुरिताने टॅबलेट पडद्याकडे वळवला.

क्लिप सुरू झाली. अखंड एकच तुकडा, पावणेदोन मिनिटांचा, रोहेल त्यांच्यासमोर उलट्या पावलांनी चालत टिपतोय. ऑर्गनच्या आवाजात त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मध्येच त्याची कुजबूज, "आजी, पाय घ्या जरा." हॉल हसला. मग हसू थांबलं.

चित्र कुठेही अडकत नव्हतं, त्यामुळे मिंडाला ते आत्ता पहिल्यांदा दिसलं. मायलेकी लाल गालिच्याच्या मधून चालत नव्हत्या. उजव्या कडेला सरकून चालत होत्या. जेरलिनच्या डावीकडे एका माणसाची जागा मोकळी होती. पुरिताने जेरलिनचा उजवा हात धरला होता, आणि जेरलिनचा डावा हात झगा सावरत नव्हता. तो कोपरात वाकला होता आणि बोटं हवेत मिटली होती, कोणाच्या तरी दंडात हात अडकवावा तशी. दारापासून वेदीपर्यंत तिने तो हात एकदाही खाली घेतला नव्हता. नेहमीसारखी फिल्म केली असती तर मिंडाने यातले तीन-तीन सेकंदांचे दोन तुकडे घेतले असते, टिकल्यांचे.

क्लिप संपली. दिवे लावायचं चारीला सुचलं नाही. टॅबलेटवरून इंजिनाची घरघर येत होती. मग इसिद्रो कॅमेऱ्याकडे वाकला.

"जेरलिन, एवढ्या भराभर का चालतेस गं?" तो म्हणाला. "माझे बूट जड आहेत."

जेरलिन उठून टॅबलेटसमोर गेली. तो उभा राहिला, डगला नीट केला, आणि उजवं कोपर बाहेर काढून तिच्यासमोर धरलं. तिने डावा हात वर केला. तेवढ्यात तिकडची रेंज गेली आणि तो तसाच, कोपर पुढे करून, काचेत थांबला. खाली लहान अक्षरांत आलं की कॉल पुन्हा जोडत आहोत.

चारी कॉल बंद करायला पुढे झाली. पुरिताने तिचं मनगट धरलं. "राहू दे गं," ती म्हणाली. "हलला नाही तोवर राहू दे."

कोपऱ्यात मिंडाचं मशीन विचारत होतं, ड्रायव्हर तयार आहे, बंद करून सुरू करू का? तिने उत्तर दिलं नाही. हॉलमधल्या सगळ्यांबरोबर तीही त्या न हलणाऱ्या चित्राकडे बघत उभी राहिली, आणि दुपारपासून पहिल्यांदाच तिला कसलीच घाई नव्हती.