सॉसेजचा जीवनांक

मंगळवारी संध्याकाळी आमच्या शाळेची व्यायामशाळा जितकी भरली होती, तितकी ती आइस हॉकीचा अंतिम सामना पडद्यावर दाखवला तेव्हाही भरली नव्हती. दारापाशी बर्फाने माखलेल्या बुटांचा ढीग पडला होता आणि आत, नुकत्याच पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीवर, सारा गाव लोकरीच्या मोज्यांत उभा होता. कार्यक्रम उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांसाठी होता. विषय होता ‘आरोग्य तंत्रज्ञान आणि डेटा सायन्समधील करिअर’. एरवी अशा विषयाला चार पालक येतात, त्यांतले दोन कॉफीसाठी. या वेळी मात्र राजधानीहून ‘जीवनमापी’ नावाचे यंत्र येणार होते, आणि ते माणसाला नुसते उभे करून त्याच्या हृदयाची हकीकत सांगते, अशी वार्ता आधीच पसरली होती.

माझे भाषण त्याच्या आधी ठेवले होते. तांत्रिक विद्यालयात मोजमापाचे शास्त्र शिकून मी आयुष्यभर रुग्णालयांतील यंत्रे तपासली. निवृत्तीनंतर दर बुधवारी या शाळेत इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग घेतो. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने प्रथम आकड्यावर अविश्वास ठेवायला शिकावे, असे मी सांगितले. टाळ्या पडल्या, भाषण लवकर संपवल्याबद्दलच्या.

मग यार्नो व्हेस्टरबाक मंचावर आला. दाढी कोरलेली, सदरा काळा, आवाज मधात बुडवून काढलेला.

“मित्रहो, सुई नाही, रक्त नाही, डॉक्टरांच्या भेटीसाठी महिनाभर वाट पाहणं नाही! या दोन पट्ट्यांवर एकेक पाय ठेवा. बस्स. हे यंत्र कोट्यवधी शरीरांच्या डेटावर शिकलेलं आहे. ते तुमच्या पेशींचं बोलणं ऐकतं आणि शून्य ते शंभरमध्ये तुमचा जीवनांक सांगतं. आणि हो, मोजे काढू नका हं. लोकर नैसर्गिक असते. पेशींची लहर तिच्यातून आरपार जाते.”

पेशींना लोकरीची एवढी आवड असल्याचे मी प्रथमच ऐकत होतो.

मुख्याध्यापिका रित्वा आधी चढल्या. आकडा आला अडतीस. यंत्रातून एक साखरेत घोळलेला बायकी आवाज म्हणाला, “तुमचं हृदय थकलं आहे. त्याच्याकडे लक्ष द्या.” रित्वा पांढऱ्या पडल्या. त्यांच्यामागे गावातली म्हातारी मंडळी रांगेने थकत गेली: एकतीस, एकोणतीस, चौतीस. केर्तू नावाची सतरा वर्षांची मुलगी चढली. ती रोज सकाळी शाळेआधी पोहते. तिला तेहतीस मिळाले. तिच्या वर्गातला ओत्सो चढला. हा मुलगा दुसऱ्या मजल्यावर जाताना जिन्यात मध्ये बसतो. त्याला एकोणनव्वद मिळाले.

“असेच सक्रिय राहा,” यंत्र ओत्सोला म्हणाले.

“प्रयत्न करतो,” ओत्सो म्हणाला.

मग चमत्काराचा उत्तरार्ध सुरू झाला. व्हेस्टरबाकने कोमट पाण्याची परात मांडली आणि तिच्यात चमचाभर ‘ध्रुवीय स्फटिक’ टाकले. केर्तूचे आजोबा ताव्हेत्ती यांना एकतीस गुण मिळाले होते. त्यांनी पाय परातीत बुडवले. “पुसू नका, पुसू नका! ओलसर पायांवरच मोजे चढवा. पेशींना पिऊ द्या!” पाच मिनिटांनी ताव्हेत्ती पुन्हा पट्ट्यांवर उभे राहिले. चौऱ्याहत्तर!

आमच्याकडे माणूस थक्क झाला की श्वास आत ओढत ‘होय’ म्हणतो. साऱ्या व्यायामशाळेने एकदम तसा ‘होय’ आत ओढला. पडदे हलले असतील.

“काही प्रश्न?” व्हेस्टरबाकने विचारले.

अर्थातच कोणी बोलले नाही. आमच्या गावात भरसभेत प्रश्न विचारणे म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीतून आत डोकावणे. हे त्याला पक्के ठाऊक असावे. त्याने आमचा संकोच हीच संमती मानली आणि स्फटिकांच्या पिशव्या टेबलावर रचल्या. कार्यक्रमाचा समारोप गुरुवारी होता, तेव्हा तो पुन्हा येणार होता.

कॉफीच्या टेबलापाशी ताव्हेत्तींनी मला गाठले. आम्ही एका बाकावर शिकलेले.

“चौऱ्याहत्तर! ऐकलंस ना ऊर्हो?”

“ऐकलं. परात चांगली आहे.”

“थट्टा कर तू. व्हेस्टरबाक म्हणाला, सत्तरच्या वर गेलं की शरीर स्वतःची काळजी स्वतः घेतं. मग ती रक्त पातळ करायची गोळी कशाला रोज?”

केर्तू शेजारीच वेलचीचा पाव खात होती. तिचा घास तोंडातच राहिला. “आजोबा, ऑक्टोबरात तुझ्या उजव्या हातात कप राहत नव्हता. विसरलास? डॉक्टर म्हणाले होते, हृदयाचा ठोका चुकतो, रक्ताची गाठ मेंदूत जाईल.”

“तेव्हा माझा आकडा कमी असणार.”

“आजोबा!”

“हे बघ पोरी, ती डबी उघडली की मी रोगी असतो. बंद राहिली की मी ताव्हेत्ती असतो. मला आज पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की मी बरा होतोय.”

डॉक्टरांनी त्यांना पुष्कळ खऱ्या गोष्टी सांगितल्या होत्या; पण ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती, कारण ती खरी नव्हती.

बुधवारी केर्तू माझ्या वर्गात आली ती दप्तर आपटतच.

“काल रात्री त्यानं गोळी घेतली नाही. आज सकाळीही नाही. आईनं सांगून पाहिलं, दवाखान्यातून नर्सचा फोन आला. तो म्हणतो, कोट्यवधी माणसांच्या डेटापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? मास्तर, तुम्ही सांगा त्याला.”

“मी सांगितलं तर तो आणखी हट्टाला पेटेल. पन्नास वर्षांचा अनुभव आहे. त्याच्याशी वाद घालू नकोस, यंत्राशी घाल.”

“यंत्राशी कसा वाद घालणार?”

“तुला तेहतीस, ओत्सोला एकोणनव्वद. तुम्हा दोघांत वेगळं काय काय आहे?”

“तो आळशी आहे. मी पोहते. तो चिप्स खातो. मी…” ती थबकली. “हे सगळं उलटंच जातंय.”

“म्हणजे यंत्र यांपैकी काहीच पाहत नाही. पुढे चल. यंत्राला शिवतं काय?”

तिने स्वतःच्या पायांकडे पाहिले. आजीने विणलेले जाड, करड्या लोकरीचे मोजे होते.

“मास्तर, ओत्सोच्या मोज्यांना घाण वास येतो.”

“हे निरीक्षण झालं. अर्थ काय?”

“ओले असतात! एवढ्या थंडीत तो कापडी बूट घालून येतो. रस्त्यावरचा मीठ टाकलेला चिखल सगळा आत. आणि आजोबांचे पायही ओले होते, परातीतून आल्यावर.”

“झाली शंका. आता ती सिद्ध कर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळी तशीच ठेवायची. मग बघायचं, आकडा कुणाच्या मागे जातो.”

तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि मागोमाग किळस. पुढचा प्रयोग काय असणार, हे तिच्या ध्यानात आले होते.

गुरुवारी गर्दी आणखी वाढली होती. अंगणात पालकसंघाने सॉसेज भाजण्याची शेगडी लावली होती. ताव्हेत्ती पहिल्या रांगेत, ओलसर मोजे घालून, नव्या उमेदीने बसले होते. व्हेस्टरबाकने तोच मध पुन्हा वाढला आणि शेवटी तेच विचारले, “काही प्रश्न?”

“मला आहे,” केर्तू म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. तिचे कान लाल झाले होते, पण ती उभी राहिली.

“तुमच्या कोट्यवधी शरीरांच्या डेटात, लोकांच्या पायांत काय होतं?”

“म्हणजे?”

“मोजे होते का? कसले? कोरडे की ओले?”

“बाळ, ही फार तांत्रिक गोष्ट आहे…”

“हा करिअरचाच कार्यक्रम आहे. तांत्रिकच सांगा.”

मागून कोणीतरी हसले. व्हेस्टरबाकही हसला, पण उशिरा. तोवर केर्तू पट्ट्यांवर चढली होती. बत्तीस. ओत्सो चढला. अठ्ठ्याऐंशी.

“आता मोजे बदलायचे,” केर्तू म्हणाली.

ओत्सोने आपले मोजे सोलून काढले. ते जमिनीवर पडले तेव्हा आवाज झाला. पहिली रांग किंचित मागे सरकली.

“शी! ओत्सो, हे कधी धुतले होतेस?”

“विज्ञानासाठी सहन कर. मला तुझ्या आजीचे मोजे टोचतायत, मी काही बोलतोय का?”

“अहो, थांबा, यंत्राची सेटिंग बिघडेल,” व्हेस्टरबाक पुढे झाला.

“कोट्यवधी माणसं चढली तेव्हा नाही बिघडली, आता दोघांनी बिघडेल?” हे रित्वा म्हणाल्या. मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली म्हटल्यावर त्याला थांबावे लागले.

केर्तू पट्ट्यांवर चढली. सत्त्याऐंशी. “तुमचं हृदय तरुण आहे.” ओत्सो चढला. चौतीस. “तुमचं हृदय थकलं आहे. त्याच्याकडे लक्ष द्या.”

“मी मरतोय,” ओत्सो म्हणाला, “आणि तेही तुझ्या आजीच्या मोज्यांमुळे.”

व्यायामशाळा हसली, आमच्या मानाने मोठ्याने. पण व्हेस्टरबाक मुरलेला होता. त्याने दोन्ही हात पसरले. “बघितलंत? यंत्र किती संवेदनशील आहे! मोज्यांत माणसाची ऊर्जा साठते. या मुलाची तरुण ऊर्जा तिला मिळाली!”

आणि मी पाहिले, ताव्हेत्तींनी मान डोलावली. ज्याला विश्वास ठेवायचाच आहे, त्याला मोज्यांतली ऊर्जाही पुरते. केर्तूनेही ते पाहिले. क्षणभर वाटले, ती आता रडेल. मग ती ओत्सोच्या कानाशी काहीतरी बोलली आणि तो टोचऱ्या मोज्यांवर धावत अंगणात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात हातभर लांब, कच्चे, पालकसंघाचे एक सॉसेज होते.

केर्तूने ते दोन्ही पट्ट्यांवर आडवे ठेवले.

“नाव काय टाकू?” ओत्सोने यंत्रावरच्या नाव-वयाच्या रकान्यापाशी वाकून विचारले.

“सॉसेज. वय सतरा टाक, आपल्याच वर्गातलं समज.”

यंत्र गुणगुणले. सगळा गाव पुढे झुकला. सत्त्याण्णव.

“अभिनंदन!” साखरेत घोळलेला आवाज म्हणाला. “तुमचं हृदय उत्तम आहे. असेच सक्रिय राहा.”

त्यानंतर जे झाले त्याला आमच्या गावात दंगल म्हणतात: लोक बसल्या जागी अश्रू पुसत हसले. व्हेस्टरबाक काहीतरी म्हणत होता, बहुधा डुकराच्या नैसर्गिक ऊर्जेविषयी. ते कोणाच्या कानांपर्यंत पोचले नाही.

हसणे ओसरल्यावर केर्तूने सांगितले ते असे: एका पट्टीतून अगदी बारीक विद्युतप्रवाह निघतो आणि दुसऱ्या पट्टीपर्यंत जातो. कोरडी लोकर त्याला अडवते, मिठाचे पाणी वाट देते. प्रवाह जास्त गेला की आकडा मोठा. ‘ध्रुवीय स्फटिक’ म्हणजे मीठ. म्हाताऱ्यांचे मोजे जाड आणि कोरडे, म्हणून म्हातारे आजारी. ओत्सोचे ओले, म्हणून तो खेळाडू. सॉसेज खारट, ओले आणि बिनमोज्यांचे, म्हणून सर्वांत निरोगी. मी एवढीच भर घातली, की असा प्रवाह सोडणारी खरी यंत्रे असतात, त्यांच्यावर अनवाणी उभे राहतात, आणि ती शरीरातल्या पाण्याचा अंदाज देतात; हृदयाबद्दल त्यांना सॉसेजइतकेच कळते.

“पण मला बरं वाटत होतं,” ताव्हेत्ती म्हणाले. ते उभे राहिले होते. “दोन दिवस मला खरंच बरं वाटत होतं.”

“मला माहीत आहे, आजोबा,” केर्तू म्हणाली. “पण तुझा हात…”

ताव्हेत्तींनी सॉसेजकडे पाहिले, मग नातीकडे. तिच्या पायांत अजून ओत्सोचे मोजे होते.

“त्याला गोळ्या लागत नाहीत,” ते सॉसेजकडे बोट दाखवत म्हणाले, “कारण ते मेलेलं आहे. मला अजून लागतात. चल.”

शाळेच्या नर्स आन्नेली दारापाशीच उभ्या होत्या. त्यांनी ताव्हेत्तींना आपल्या खोलीत नेले, अर्धांगाची खूण नाही ना, हे पाहण्यासाठी हात उचलायला लावले, हसून दाखवायला लावले, दवाखान्याला फोन केला. चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, पुढची मात्र आत्ताच, असे तिकडून सांगितले. गोळी केर्तूच्या खिशात होती. दोन दिवस ती घेऊन हिंडत होती. मग नर्सने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला.

“हा आकडा मला आवडला नाही,” ताव्हेत्ती कुरकुरले.

“आवडावा म्हणून मोजतच नाहीत,” आन्नेली म्हणाल्या. “उद्या परत या.”

ते दुसऱ्या दिवशी गेले. अजूनही जातात, कुरकुरत. व्हेस्टरबाक आपल्या पिशव्या गोळा करून निघून गेला आणि रित्वांनी ग्राहक संरक्षणाच्या कार्यालयाला सविस्तर कळवले.

शाळेने नंतर मला विचारले, पुढच्या वर्षी करिअरच्या कार्यक्रमात काय ठेवावे? मी म्हणालो, हेच काम. डेटा सायन्स म्हणजे पडद्यावरची रंगीत वर्तुळे नव्हेत, आणि आरोग्य तंत्रज्ञान म्हणजे गोड आवाजात बोलणारी पेटी नव्हे. आकडा कोणाकडून घेतला, कसा घेतला, घेताना त्याच्या पायांत काय होते, हे विचारण्याचा तो पेशा आहे. ज्यांना तो पेशा करायचा नाही त्यांनाही माझी विनंती आहे, कारण आकडे आता प्रत्येकाच्या घरात येऊन बोलतात. एखादे यंत्र तुमच्याविषयी काही सांगू लागले, तर औषध बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि भरसभेत “काही प्रश्न?” असे कोणी म्हणाले, तर कान लाल झाले तरी चालतील, पण उभे राहा.