बसलेल्या पाखरावर गोळी नाही

कळमनुरीच्या अलीकडं, रस्ता सोडून आत गेलं की एक तळं लागायचं. हिवाळ्यात त्या तळ्यात पाणी कमी आणि बदकं जास्त. म्हशीला डुंबायचं तर आधी बदकांना सरका म्हणावं लागे, आणि ती सरकत नसत. आपण सरकारी आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

निजाम सरकारचा हुकूमच होता तसा. तळं शिकारीला राखीव. बडे साहेब येऊन पहिला बार टाकत नाहीत तोवर थंडीत आलेल्या एकाही पाखराला कुणी हात लावायचा नाही. जाळं नको, फास नको, गोफण तर नकोच. नुसतं 'हाऽऽ' करून हुसकावलं तरी गुन्हा.

हे सांभाळायला वसराम होता. जवळच्या तांड्यातला, पन्नाशी ओलांडलेला, आणि जन्मल्यापासून झोप पुरी न झालेल्या माणसाच्या चेहऱ्याचा. पगाराच्या जागी सरकारनं त्याला तळ्याकाठची गाळपेर दिली होती. पाणी मागं हटलं की जी काळी, ओली जमीन उघडी पडते, ती. तिच्यात तो हरभरा टाकायचा, आणि त्या हरभऱ्यावर तो आणि त्याची बायको पेमा वर्ष ओढायची. बदकं राखायची म्हणून जमीन मिळाली खरी, पण त्या जमिनीत जे उगवायचं ते बदकांनाच फार आवडायचं. त्यातही डोक्यावर काळे पट्टे असलेली थोराड बदकं होती, ती पहाटे पंगतीला बसल्यासारखी ओळीनं वावरात उतरत आणि ऊन वर आल्यावर ढेकर दिल्यासारखा आवाज काढत पाण्यात परत जात.

"आवं, अर्धं वावर गेलं," पेमा म्हणाली. "तुमी बसून काय करून राहिले?"

"राखण."

"कोनाची?"

"त्यायची."

"आन् आपली कोन करन?"

वसरामनं घोंगडी डोक्यावर ओढली. उत्तर द्यायलाही अंगात जीव लागतो.

एकदा साहेबांचा बार झाला की बंदी उठायची, मग हाकला नाही तर दगड मारा. म्हणून वसराम साहेबांची वाट बघायचा. कचेरीतला चपराशी इनायत दर बाजाराच्या दिवशी सांगावा आणायचा, की साहेब येत्या जुम्म्याला येऊन राहिले. मग साहेबांना पडसं व्हायचं. नाहीतर हैदराबादहून पाहुणे यायचे. एकदा तर साहेबांचा घोडाच रुसला होता म्हणे.

शेवटी एका सकाळी वसरामनं माळ्यावरून बापाचं मडकं काढलं.

त्याचा बाप किसनसिंग हा मडक्यानं बदकं धरणारा माणूस. आधी रिकामी मडकी पाण्यावर सोडून द्यायची. चार-आठ दिवसांत बदकं त्यांना सरावतात, खेटून पोहतात. मग एक मडकं आपल्या डोक्यावर पालथं घालायचं, त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं, आणि गळ्याइतक्या पाण्यातून हळूहळू चालत जायचं. बदकांना वाटतं, आलं आणखी एक मडकं. खालून पाय धरून ओढलं की संपलं. किसनसिंग म्हणे एकदा असा पाण्यात उभ्या उभ्या झोपी गेला, आणि जागा झाला तेव्हा मडक्यावर एका बदकीनं अंडी घातली होती.

"धरायला बंदी हाये," पेमा म्हणाली.

"धरतो कुठं? नुसता चिमटा काढतो. चिमट्याचं हुकमात काई न्हाई."

आणि खरंच, पाण्यावर सोडलेल्या मडक्यांना बदकं सरावल्यावर वसराम रोज पहाटे त्या बर्फासारख्या पाण्यात शिरायचा, मडक्याखालून हळूच हात घालायचा आणि बदकांच्या पायाला चिमटे काढायचा. पाखरं गोंधळली. वर बघावं तर कुणी नाही, आजूबाजूला नुसती मडकी. हे पाणीच चावतं, असा त्यांच्यात बोभाटा झाला असावा; कारण थोड्याच दिवसांत थव्यामागून थवे उठले आणि कुरुंद्याकडच्या तळ्यावर गेले. सगळ्यात थोराड बदकानं जाताना मान वळवून असं पाहिलं, की वसरामला आपला सासरा आठवला.

उरलेला हरभरा वाचला. घाटे धरू लागले. वसराम कितीतरी दिवसांनी पाय पसरून झोपला, आणि त्याच दुपारी इनायत आला.

"ऊठ रे वसराम! उद्या तांबडं फुटायला साहेब येऊन राहिले. या बारीला बराबर पक्कं." मग त्यानं बदकं शोधत तळ्याकडं पाहिलं. "मुर्गाबी कुठं हायेत?"

"चरायला गेल्यात."

"येतील ना? पाखरं न्हाई दिसली तर साहेब ही गाळपेर दुसऱ्याला देतील. माझ्या समोर बोलले."

"अन् इनायतभाई, पाखरं परत उतरली तर वावर हाय तसं ऱ्हाईल?"

"बार झाला की तू हाकलायला मोकळा. शाही कायदा हाय."

इनायत गेला. वसराम रिकाम्या पाण्याकडं बघत बसला.

पेमाच म्हणाली, "खाली बसलेली बदकं दिसली की वरची आपसूक उतरतेत, असं मामंजी सांगत व्हते. वावरात पिसं ढीगभर पडलीत. चिखलानं मडक्यांना लावू. तुमी एकात शिरून बाकीची ढकलत ऱ्हा."

"आन् साहेबानं बार टाकला तर?"

"इनायतभाईनंच मागं हुकमाची दवंडी दिली न्हाई का? साहेबलोक बसलेल्या पाखरावर गोळी घालत न्हाईत. उडालं तरच. तसा कायदा हाय."

वसरामला हे पटलं. ज्या कायद्यानं आपल्याला इतकं छळलं, तो एवढ्या एका कामाला तरी येईल असं त्याला वाटलं.

पहाटे धुकं असं दाट, की हातानं बाजूला सारावं. वसराम गळ्याइतक्या पाण्यात उकिडवा बसलेला, डोक्यावर पिसांचं मडकं, भोवती पिसांची मडकी. काठावर साहेब आले, बंदूक आली, खुर्ची आली, चहा आला.

"माशाल्लाह, काय थवा आहे," साहेब म्हणाले, आणि पाखरं उडायची वाट बघू लागले.

मडकी काही उडेनात. साहेबांनी टाळी वाजवली. इनायत खोकला. वसराम आतून जिवाच्या करारानं मडकी ढकलत होता आणि आभाळात एखादा थवा दिसतो का ते भोकांतून बघत होता. चहा निवला. साहेबांचे पाय गारठले.

"इनायत, ही उडत का नाहीत?"

"हुजूर, सरकारी पाखरं. हुकमाबिगर कशी उडतील?"

साहेबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कुणी बघत नाही असं पाहून बसलेल्या पाखरावर बार टाकला.

मडक्याच्या ठिकऱ्या झाल्या आणि त्यातून वसराम उभा राहिला, केसांत पिसं, कपाळावर चिखल. छर्रे सगळे मडक्यानं झेलले होते. साहेबांच्या हातून बंदूक गळाली आणि खुर्ची मागं पडली.

"हुजूर," वसराम कुडकुडत म्हणाला, "मी बसलेला व्हतो."

साहेबांचा रंग पिसासारखा पांढरा पडला. माणूस मेला असता, आणि तोही कायदा मोडून. खुर्ची सावरत ते म्हणाले, "बाबा, काय पाहिजे ते माग."

"काई नको. वावरात पाखरू उतरलं तर हाऽऽ म्हणू द्या."

साहेब विचारात पडले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "हाकलायची परवानगी माझ्या हातात नाही, ती हैदराबादेहून येते. पण शिकार बंद करणं माझ्या हातात आहे. आजपासून या तळ्यावर कुणी बार टाकणार नाही. कधीच नाही. गाळपेर तुझी, राखणही तुझी."

"पर हुजूर, हा बार झाला न्हाई का? आता बंदी उठली ना..."

"हा बार झालाच नाही," साहेब खाली वाकून म्हणाले. "समजलं?"

वसरामला समजलं.

ही बातमी कुरुंद्याला कुणी पोचवली देव जाणे. दुसऱ्या दिवशी बदकं परत आली, आणि येताना पाव्हणेरावळे घेऊन आली. थोराड बदक सगळ्यांत पुढं. थवा वावराच्या त्या टोकाला उतरला आणि कामाला लागला.

पेमानं दुसरं मडकं पुढं केलं.

"नको," वसराम म्हणाला. "लई थंडी वाजती."

तो वावराच्या या टोकाला खाली बसला आणि हिरवे घाटे सोलून तोंडात टाकू लागला. थोड्या वेळानं पेमाही शेजारी येऊन बसली.

"काड्या गोळा करू का? घाटे भाजून हावळा करू."

"धुरानं बिचकतील," वसराम म्हणाला. "कच्चाच खा. जरा बिगीनं."